गव्हाणीवरचा टॉवेल

निपाणीच्या स्टँडवर संकेश्वरकडची गाडी लागली आणि समता अशी धावली की बघणाऱ्याला वाटावं, पोरगी जत्रेला निघालीय. निघाली होती नोकरीच्या परीक्षेला. आणि परीक्षा कसली, तर गेम खेळायची! हसा, हसा. तिची आजी तानुबाईसुद्धा हसली होती. तानुबाईचा उभा जन्म तंबाखूच्या वखारीत गेलेला, जरद्याची धूळ नाकातोंडात घेत. "खेळायला पगार देत्यात व्हय गं? मग आमीच काय पाप केलतं?" असं म्हणत तिनं नातीच्या हातावर दहीसाखर ठेवली आणि दारापर्यंत सोडायला आली.

कारखाना संकेश्वरच्या अलीकडं, उसाच्या रानात. नाव कशाला घ्या, साखर कारखाना म्हटलं की पुरे. तिथं गव्हाणीवरच्या केबिनमधली एक जागा भरायची होती. गव्हाण म्हणजे ट्रॉल्यांमधला ऊस जिथं ओततात तो लांबलचक, खोल चर. त्याच्या तळाशी लोखंडी पट्टा, आणि पट्ट्याच्या टोकाला गरगर फिरणाऱ्या सुऱ्या. वर काचेची केबिन. तिथं बसणाऱ्यानं पट्टा चालू करायचा, बंद करायचा, ऊस ना कमी ना जास्त असा पुढं सोडायचा. त्याचं बोट चुकलं की अख्खा कारखाना थांबतो. त्या खुर्चीत आजवर बाईमाणूस बसलेलं नव्हतं. समतानं इलेक्ट्रिकलचा डिप्लोमा केला होता, आणि "पोरीचं काम न्हाय ते" हे वाक्य बऱ्याच ऑफिसांत ऐकलं होतं. आता तिला ते आणखी एकदा ऐकायचं नव्हतं. तिला ती खुर्ची पाहिजे होती, बास.

पूर्वी नवा माणूस जुन्याच्या पाठीमागं सगळा हंगाम उभा राहून शिकायचा. यंदा कारखान्यानं शहाणपणा केला. बेळगावच्या कॅम्पातल्या एका कंपनीकडून गेम बनवून घेतला. डोळ्यांवर जाड गॉगल चढवायचा, हातात दोन रिमोट धरायचे, की तुम्ही थेट केबिनमध्ये! आठवडाभर कारखान्याच्या हॉलमध्ये सराव, आणि शेवटी परीक्षा. गेम बनवणारा पोरगा चिकोडीकडच्या जैन घरातला, श्रेयांस त्याचं नाव. अंगानं काडी, पण लॅपटॉपवर बोटं अशी पळायची की बघत राहावं. बंद हंगामात येऊन त्यानं कारखान्याचा कोपरा न् कोपरा कॅमेऱ्यात उतरवून नेला होता.

"ह्यात बंदुका न्हाईत, राक्षस न्हाईत," तो पहिल्याच दिवशी म्हणाला, "तरी बघा, वेड लागतंय का न्हाय."

वेड लागलंच! समतानं गॉगल चढवला आणि "आई गं!" म्हणून ओरडलीच. पायाखाली खोल गव्हाण, डोक्यावर क्रेनचा पंजा, उसाचा ढीग खाली कोसळताना होणारा तो दणका... तिनं खरोखरच पाय वर घेतले. सगळा हॉल हसला. चौथ्या दिवसापर्यंत ती सगळ्यांच्या पुढं गेली होती. तिच्या मागं फक्त संकेश्वरचा सौरव. बाकीचे उमेदवार पहिल्या दोन दिवसांतच गळाले होते. रोज संध्याकाळच्या गाडीत ती हवेत बोटं नाचवत घरी जायची. शेजारच्या बायका बघायच्या आणि सरकून बसायच्या.

परीक्षेच्या आदल्या दुपारी शेवटच्या पायरीचा सराव होता. त्या पायरीत ऊस अडकतो, पट्टा बंद पडतो. अडकलेला ऊस मोकळा झाला की हिरवा दिवा लागतो. मग भोंगा द्यायचा आणि बटण दाबायचं. जितकं लवकर दाबाल तितके गुण जास्त. समताचं बोट तयारच होतं. हिरवा दिवा लागला. तिनं भोंगा दिला.

आणि वास आला.

जरद्याचा वास. ज्या घरात ती वाढली त्या घराचा वास तिला कसा ओळखू येणार नाही? पण हा वखारीतल्या कोरड्या धुळीचा नव्हता. चघळलेल्या तंबाखूचा होता, ओलसर, कुणीतरी कानाशी वाकून श्वास सोडावा तसा. गॉगलला काचा असतात, कानाशी स्पीकर असतात. वास यायची सोय कुठं असते?

तिनं खाली बघितलं. गव्हाणीत एक माणूस उभा होता. पाठमोरा, उघडाबंब, कमरेला खाकी चड्डी. उजव्या हातानं तो स्वतःचा डावा खांदा चाचपत होता. पुन्हा... पुन्हा... रोज तिथं असणारी एखादी वस्तू आज सापडत नसावी, तसा. मग मान न वळवता त्यानं विचारलं, अगदी हळू:

"माझा टावेल... कुणी काढला?"

समतानं बोट मागं घेतलं. घड्याळ संपलं, गुण गेले. पण ती घाबरली म्हणता? छे! गॉगल काढून टाळ्याच वाजवायला लागली. "श्रेयांस, मानलं रं तुला! त्यो खालचा माणूस कसला बनीवलायस! अंगावर काटा आला बग माझ्या."

श्रेयांस लॅपटॉपवरून मान वर न करता म्हणाला, "कुठला माणूस?"

"गव्हाणीतला. टावेल मागतोय त्यो."

आता त्यानं मान वर केली. "समता, गेममध्ये माणूसच न्हाय. माणसं बनवायला वेळच मिळाला न्हाय मला. ऊस मोकळा करणाऱ्या माणसाच्या जागी दिवा लावून भागवलंय."

सौरव फिदीफिदी हसला. "हिला भुतं दिसाय लागली! मला कधी कोण दिसलं न्हाय बाबा. मी आपला दिवा लागला की दाबतो बटण. मग खाली ते काहीतरी मोडल्याचा आवाज येतोय ना, खाडकन, त्यो तेवढा भारी घातलायस."

"कसला आवाज?" श्रेयांसनं विचारलं.

"हाड मोडल्यागत. दर वेळी येतोय की."

श्रेयांसचा चेहरा उतरला. "तसला आवाज मी घातलेला न्हाय," तो म्हणाला.

जिनाप्पा अण्णा तेवढ्यात दारातून आत आले होते. हे गव्हाणीकडचे मुख्य, सगळा जन्म याच कारखान्यात गेलेला. त्यांनी सगळं ऐकलं होतं. ते कुणालाच रागावले नाहीत की हसले नाहीत. एवढंच म्हणाले, "चला माझ्यासंगट."

हंगाम सुरू असला की कारखान्यात शेजारच्याचं बोलणं ऐकू येत नाही. बंद हंगामात मात्र भर दुपारी तिथं आपलाच श्वास मोठा वाटतो. पत्रे उन्हानं तडतडत होते. वर कबुतरांची फडफड, खाली मळीचा आंबूस वास, आणि लोखंडी जिन्यावर तिघांची पावलं. सौरव काही आला नाही, त्याला एकदम भूक लागली होती. खरी गव्हाण समता पहिल्यांदाच बघत होती. गेममध्ये ती चकचकीत होती. इथं ती काळी होती आणि तळ दिसत नव्हता.

केबिनमध्ये नव्या बटणांच्या शेजारी पूर्वी पट्टा चालवायचा तो जुना लोखंडी दांडा होता, आणि त्या दांड्याला गाठ मारून एक टॉवेल बांधलेला. कधीकाळी लाल असावा. आता तेलानं आणि काजळीनं चामड्यासारखा कडक झाला होता. केबिनला कितीतरी वेळा रंग दिलेला, पण दर वेळी रंगाऱ्यानं टॉवेलाच्या बाजूनंच ब्रश फिरवलेला. त्याच्यामागची भिंत अजून पहिल्याच रंगाची होती.

"आण्णाप्पाचा हाय," जिनाप्पा अण्णा म्हणाले. आवाज अगदी खाली आला होता. "ऊस अडकला की आमच्यात एक माणूस गव्हाणीत उतरतो. उतरायच्या आदी आपला टावेल ह्या दांड्याला बांधतो. टावेल हाय तवर पट्टा फिरत न्हाय. मालक आला तरी न्हाय. आणि ज्यानं बांधला त्यानंच वर येऊन सोडायचा, दुसऱ्यानं हात लावायचा न्हाय. आण्णाप्पा असाच उतरलता. पाळी बदलली. खुर्चीत नवीन पोरगं बसलं, त्याला ह्यातलं काय म्हायती न्हवतं..." त्यांनी खाली गव्हाणीत बघितलं. "सोडायला आण्णाप्पा वर आला न्हाय. मग टावेल कोण सोडणार? दांडा तसाच ठेवला, शेजारी बटणं बशीवली."

समतानं टॉवेल नीट न्याहाळला. तिनं श्रेयांसकडं बघितलं. "तुझ्या गेममध्ये हा टावेल न्हाय."

"मी पुसला," श्रेयांस म्हणाला. "फोटोत होता. लई घाण दिसत होता म्हणून पुसला. केबिन कशी चकाचक दिसाय पायजे..." बोलता बोलता त्याचेही डोळे मोठे झाले. आणि पोरगं बघा, भीती राहिली बाजूलाच, ते उड्या मारायला लागलं! "म्हणजे गेममधनं टावेल गेला म्हणून पट्टा फिरला! आणि आपण दर वेळी... समता, हे असलं जगात कुणाच्या गेममध्ये घडलं नसंल गं! सोपं हाय, टावेल परत बांधतो. दहा मिनटांचं काम."

"थांब रं लेकरा," जिनाप्पा अण्णा म्हणाले. "टावेल कोण उगं बांधत न्हाय. आत उतरणारा बांधतो. इचार कर."

"अण्णा, गेम हाय की ह्यो," श्रेयांस हसला, आणि जिना दणादणा उतरून गेलासुद्धा.

हॉलमध्ये त्यानं टॉवेलाचा फोटो गेममध्ये घातला, गॉगल चढवला आणि दांड्यापाशी गेला. गॉगलमधलं सगळं भिंतीवरच्या मोठ्या पडद्यावर दिसतं, त्यामुळं समताला दिसत होतं. त्याचे गेममधले हात टॉवेल उचलतायत, दांड्याभोवती फिरवतायत, गाठ मारतायत. गाठ बसली आणि पडदा किंचित थरथरला. श्रेयांस बराच वेळ खुर्चीत तसाच बसून राहिला. मग त्यानं गॉगल काढला आणि आपले तळहात उलटेसुलटे करून बघायला लागला.

"झालं?" समतानं विचारलं.

"झालं," तो म्हणाला. समताला वाटलं, थकला असेल.

दुसऱ्या दिवशी सकाळपासून करंट नव्हता, त्यामुळं परीक्षा सुरू व्हायला ऊन उतरलं. हॉल मात्र गच्च भरला होता. गेम खेळून नोकरी कशी मिळते ते बघायला अख्खा कारखाना लोटला होता. भरतीच्या अनुराधा मॅडम बेळगावहून आल्या होत्या. पडद्याच्या बाजूला श्रेयांस लॅपटॉपपाशी उभा. पहिला नंबर समताचा. तिच्या छातीत ढोल वाजत होता, पण तो भीतीचा नव्हता. आज ती खुर्ची तिची होणार होती!

आणि काय खेळली पोरगी! ऊस ओतला, पसरवला, पट्ट्याचा वेग कमी केला, वाढवला. लोक शिट्ट्या मारायला लागले. एकामागून एक पायरी पार. शेवटी ऊस अडकला, पट्टा थांबला. समतानं पहिल्यांदा दांड्याकडं बघितलं. टॉवेल होता. खाली गव्हाणीत कुणी नव्हतं, जरद्याचा वासही नव्हता. तिनं सुटकेचा श्वास सोडला. हिरवा दिवा लागला. तिनं भोंगा दिला, बोट बटणावर नेलं.

ठक... ठक... ठक...

खालून. उसाच्या ढिगाखालून.

"समता..."

तिचं बोट थांबलं. आवाज श्रेयांसचा होता. दबलेला, तोंडावर ओझं पडल्यासारखा.

"समता... बटण दाबू नको गं... मी आत हाय..."

गॉगल तसाच ठेवून तिनं बाहेरच्या दिशेनं विचारलं, "श्रेयांस? तू बोललास व्हय?"

"न्हाय की," श्रेयांसचा आवाज आला, बाहेरून, तिच्या अगदी शेजारून. शांत. "दाब तू."

"दाबू नको... समता, मला वर येता येईना झालंय..."

"दाब की. टाइम चाललाय."

दोन्ही आवाज त्याचेच. एक कानात, एक कानाबाहेर. कोपऱ्यातलं घड्याळ पळत होतं. "समता, तू थांबलीस का?" अनुराधा मॅडमनी विचारलं. पाठीमागं सौरव कुणाला तरी म्हणाला, "गेली हिची नोकरी." आणि जाणारच होती! एवढं सगळं खेळून एका बटणासाठी जाणार होती. एवढंसं तर बटण. दाबलं की खुर्ची तिची, पगार तिचा, तानुबाई गल्लीभर पेढे वाटणार. आणि खाली काय, नुसती चित्रं. ऊस खोटा, पट्टा खोटा. तिला रडू फुटलं.

"टावेल हाय," ती मोठ्यानं म्हणाली. हॉलला ऐकू गेलं. "टावेल हाय तवर पट्टा फिरत न्हाय."

आणि तिनं दोन्ही हात मांडीवर घेतले. घड्याळ संपलं. पडद्यावर मोठी लाल अक्षरं आली: नापास.

समतानं गॉगल काढला. मॅडमच्या कपाळावर आठी होती. "अगं, सगळं इतकं सुंदर केलंस आणि शेवटी बटण दाबायचं सोडून दिलंस?"

पण जिनाप्पा अण्णा उठून उभे राहिले होते. त्यांचे डोळे भरून आले होते. "मॅडम, गेम नापास म्हणू दे. मी पास म्हणतो. टावेल बघून ज्याचा हात थांबतोय, मला त्या खुर्चीत तसलंच माणूस पायजे. तवा असलं कोण असतं तर..." हॉलमध्ये टाळ्यांचा असा कडकडाट झाला की काय सांगू! आण्णाप्पाची गोष्ट न जाणणारा कारखान्यातला माणूस तिथं एकही नव्हता. मॅडमनी जिनाप्पांशी दोन शब्द बोलून घेतले आणि हसत हात पुढं केला. "अभिनंदन, समता. जागा तुझी."

जागा तिची! समतानं हात मिळवला. हसलीसुद्धा. पण गॉगल तिनं मांडीवरून खाली ठेवला नाही.

"सौरवलाही त्याची संधी देऊ, नियम आहे," मॅडम म्हणाल्या. "श्रेयांस, तो टॉवेल मूळ गेममध्ये नव्हता ना? तेवढा काढा बघू."

श्रेयांस लॅपटॉपपाशी वाकला. एका बोटानं, शोधून शोधून, एकेक बटण दाबायला लागला. पडद्यावर टॉवेल जागचा हलला नाही. त्यानं पुन्हा दाबलं. गाठ तशीच.

"निघना झालाय," तो म्हणाला.

"तुम्हीच बांधलाय ना?"

"निघणार न्हाय," श्रेयांस सावकाश म्हणाला. "माझी गाठ न्हाय ती."

समतानं जिनाप्पांकडं बघितलं. त्यांचे ओठ हलत होते, "ज्यानं बांधला त्यालाच...", पण आवाज बाहेर आला नाही. दोघांनाही एकाच वेळी कळलं होतं, आणि कुणाला सांगावं तर काय सांगणार? मॅडम हसून म्हणाल्या, कॉम्प्युटर म्हटल्यावर असं चालायचंच, सौरवचं उद्या बघू. लोक समताभोवती गोळा झाले, पाठीवर थापा पडल्या, चहा आला, कांदाभजीची ताटं आली. दिवस केव्हाच मावळला होता.

चातुर्मास चालू होता. दिवस मावळल्यावर श्रेयांस पाण्याचा घोटही घ्यायचा नाही, कांदा तर दूरच. आठवडाभर समतानं ते बघितलं होतं. आता त्यानं ताट ओढून घेतलं आणि दोन्ही हातांनी भजी तोंडात कोंबायला लागला. हनुवटीवरून तेल ओघळत होतं. "लई वर्सांनी भूक लागलीया," तो कुणालाच उद्देशून नाही असं म्हणाला, आणि त्याच्या तोंडाला जरद्याचा वास आला.

समताच्या मांडीवर गॉगल होता. तिनं तो कानाशी नेला. आत ठक... ठक... अजून चाललं होतं, पहिल्यापेक्षा हळू. आणि गॉगलच्या कडेला बॅटरीचा बारीक लाल ठिपका लुकलुकायला लागला होता.

ती उठली. टेबलावर बघितलं, पिशवीत बघितलं, सॉकेटपाशी बघितलं. नव्हता कुठंच. सगळे हसत होते, तिच्याच नावानं. तिनं सगळा धीर एकवटला आणि त्याच्यासमोर जाऊन उभी राहिली.

"श्रेयांस... गॉगलचा चार्जर कुठाय?"

त्यानं घास चावून चावून गिळला. बोटं चाटली. मग तिच्याकडं बघून अगदी प्रेमानं म्हणाला:

"कशाला पायजे?"